बसा ना, घाई काय आहे?

"बाई, एका बेडकाला मारायला पाच माणसं आणि दोन गाड्या कशाला?"

डबिंगच्या काचेच्या खोलीतून खर्जवाल्यानं विचारलं आणि बाहेर बसलेल्या बाईंनी पिशवीतला शब्दकोश काढला. खर्जवाला म्हणजे परदेशी मालिकेतल्या टोळीच्या म्होरक्याला आपल्या भाषेत आवाज देणारा नट. त्याच्या आवाजावर आजवर टायर खपले होते, सिमेंट खपलं होतं. आज त्याच्या हातात बाईंनी केलेलं भाषांतर होतं आणि त्यात वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'तो बेडूक शोधा आणि त्याला शिसं द्या.'

"आणि शिसं म्हणजे पेन्सिलीतलं का हो?" त्यानं भाबडेपणानं विचारलं.

शब्दकोशाप्रमाणे बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांनी उभा जन्म शाळेत स्पॅनिश शिकवलं होतं. पण पाठ्यपुस्तकातली माणसं एकमेकांना ग्रंथालयाचा रस्ता विचारत आणि आजीला सफरचंद नेऊन देत. अमली पदार्थांच्या टोळ्यांवरच्या या मालिकेत ग्रंथालयाकडे कुणी फिरकत नव्हतं. या मंडळींच्या बोलीत बेडूक म्हणजे पोलिसांचा खबऱ्या, शिसं म्हणजे गोळी, आणि राग आला की समोरच्याला एका गुप्तरोगाच्या नावानं हाक मारायची. तो शब्द पहिल्यांदा आला तेव्हा बाईंनी 'तुझी प्रकृती बरी दिसत नाही' असं लिहून वेळ मारून नेली होती.

दिग्दर्शकानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"बाई, हा माणूस आख्खं शहर खिशात घालून फिरतो. आणि तुमच्या कागदावर तो सहलीची सूचना वाचणाऱ्या मास्तरांसारखा बोलतोय. याला बघून लोकांची गाळण उडाली पाहिजे."

"मूळ संवादात तो शिव्या देतो," बाई म्हणाल्या. "हळू आवाजात देतो, पण एकामागून एक देतो. लिहू?"

"शिवी एकही नको! लोक घरच्यांबरोबर बसून बघणार आहेत."

"म्हणजे शिवी द्यायची नाही, पण लागली पाहिजे."

"बरोबर. सोमवारी पुन्हा रेकॉर्डिंग ठेवतो. जमलं तर उत्तमच. नाहीतर मी दुसरं कुणीतरी बघतो, वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटायचं ते वाटलंच. शाळेनं स्पॅनिशचा वर्ग बंद केल्यापासून बाईंची ती भाषा पाहुण्यांसाठी घेऊन ठेवलेल्या कपबशांसारखी कपाटात पडून होती, आणि पाहुणे काही येत नव्हते. या मालिकेमुळे ती बाहेर निघाली होती. आता ती पुन्हा कपाटात ठेवायची नाही, असं बाईंनी जिना उतरता उतरता ठरवून टाकलं. बाईंनी एखादी गोष्ट ठरवली की ती तडीस जाते, हा अनुभव त्यांच्या विद्यार्थ्यांना होता, नवऱ्यालाही होता, आणि दोघांनाही तो सुखाचा वाटला नव्हता.

त्यांचा हिशेब सरळ होता. सरबत पातळ करायचं तर आधी लिंबू हवं. अस्सल शिव्या आधी कानांवर पडल्या तर त्यातली शिवी काढून नुसती धार ठेवता येईल. बाईंना स्वतःला येणारी सगळ्यात जहाल शिवी 'गाढवा' ही होती. तेव्हा त्या थेट आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या गॅरेजवर गेल्या. शाळेत त्याच्यासारखं शिवराळ तोंड दुसरं नव्हतं. त्याच्या प्रत्येक शिवीला बाई त्याच्याकडून एक स्पॅनिश क्रियापद सगळ्या काळांत चालवून घ्यायच्या. त्यामुळे तो त्या विषयात पहिला आला होता.

बाई दिसताच आडदांड गॅरेजवाला गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि ग्रीसचे हात मागे लपवून उभा राहिला.

"बाई! तुम्ही कशाला आलात? निरोप धाडायचा!"

"काम आहे तुझ्याकडे. मला शिव्या दे."

"काय देऊ?"

"शिव्या. चांगल्या कडक. मी लिहून घेते."

गॅरेजवाल्याचे कान लाल झाले. "बाई, मी सोडलं हो ते सगळं. आता गिऱ्हाइकालासुद्धा 'अहो' म्हणतो."

"खोटं बोलू नकोस. मघाशी मी कोपऱ्यावर होते तेव्हा त्या टायरला काय म्हणालास?"

"टायरला चालतं. तुमच्यासमोर जीभ नाही उचलत."

"अरे, दे की एक! इतक्या लांबून आले मी!"

"हात जोडतो, बाई. हवं तर क्रियापद चालवतो. आब्लो, आब्लास, आब्ला..."

बाईंचा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायला कमावलेला. तो रस्त्यापलीकडेही पोचला. माणसं जमली. हात जोडून उभा असलेला आडदांड गॅरेजवाला आणि संतापलेल्या बाई बघून एका गृहस्थांनी बाह्या सरसावल्या.

"काय रे, बाईंना शिव्या दिल्यास?"

"नाही हो दिल्या!"

"नाही दिल्या, तेच तर म्हणतेय मी!" बाई कडाडल्या.

याचा अर्थ कुणालाच लागला नाही. पण एवढ्या संतापलेल्या बाईंची माफी मागायला हवी, यावर सगळ्यांचं एकमत झालं. गॅरेजवाल्यानं सगळ्यांदेखत माफी मागितली आणि बाई रिकाम्या हातानं घरी आल्या.

घरी वेगळीच अडचण होती, ती म्हणजे सासूबाई. त्यांनी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता आणि त्यांच्या तोंडून कधी वावगा शब्द गेला नव्हता. मालिकेचा आवाज दारातून बाहेर आला की त्या शांतपणे विचारायच्या, "काय गं, कोण आहेत ही माणसं?"

"व्यापारी आहेत, आई."

"कशाचे?"

"औषधांचे."

"अस्सं," सासूबाई म्हणायच्या. त्या 'अस्सं'नंतर बाई आवाज आणखी कमी करायच्या.

"आईच्या कानावर हे जाऊ देऊ नकोस," नवऱ्यानंही बजावून ठेवलं होतं. म्हणून बाई मोबाइल घेऊन बाथरूममध्ये गेल्या. दार लावलं, नळ सोडला, आणि पाण्याच्या आवाजाआड म्होरक्याचे संवाद ऐकत त्याच्याबरोबर पुटपुटू लागल्या. म्होरक्या जसजसा रंगात आला तसतसा त्यांनी नळ आणखी मोठा केला. खबऱ्याला धमकी देण्याच्या ऐन प्रसंगी नळाची मूठ त्यांच्या हातात आली आणि पाण्याची धार थेट समोरच्या भिंतीवर गेली.

प्लंबर आला. त्यानं जुना नळ काढला, भोकात लाकडाची खुंटी ठोकली, "सामान घेऊन येतो" म्हणाला आणि जो गेला तो गेलाच. नवऱ्यानं फोनवर विनवण्या केल्या, मग आरडाओरडा केला. प्लंबरनं फोन उचलणंच बंद केलं. खुंटीतून पाणी ठिबकत राहिलं, सोमवार उद्यावर आला, आणि बाईंच्या कागदावर 'अरे दुष्टा' याच्यापुढे काही उमटेना. काम जातंय हे त्यांना कळत होतं. तरी त्या 'दुष्टा' खोडून 'नीचा' लिहीत बसल्या होत्या.

तेवढ्यात दार वाजलं. प्लंबर स्वतःहून आला होता. त्याच्या हातात नवा नळ होता आणि तोंडाचं पाणी पळालेलं होतं.

"आलात?" बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "बसा ना. घाई काय आहे?"

"नाही आजी, आधी नळ बसवतो..."

"बसा."

तो बसला. बाई दाराआड थबकल्या.

"पाणी घ्या. तुमच्याकडे येतं ना पाणी? आमच्याकडे हल्ली बादली भरून ठेवावी लागते, म्हणून विचारलं." सासूबाईंनी पेला पुढे केला. "सकाळी तुमच्या घरी जाऊन आले. निळं दार तुमचंच ना? तुम्ही नव्हता. आई होत्या. फार चांगल्या आहेत हो. बराच वेळ बोललो आम्ही दोघी."

"काय... काय बोललात, आजी?"

"ते त्याच सांगतील तुम्हाला. मी कशाला काही बोलू? मी कुणाला कधी बोलत नाही. मी आपली बघत असते."

प्लंबरनं पाणी घशाखाली ढकललं, बाथरूममध्ये गेला, नळ बसवला, न सांगता सिंकची गळती काढली, आणि पैशांचं नाव न काढता निघाला. सासूबाईंनी त्याला परत बोलावून पैसे दिले. ते घेताना तर तो आणखीनच घाबरला.

दाराआड बाईंच्या अंगावर काटा आला होता. हातात कागद नव्हता, म्हणून त्यांनी वॉशिंग पावडरच्या खोक्यावर सगळं भराभर लिहून घेतलं.

सोमवारी त्या ते खोकं घेऊनच स्टुडिओत गेल्या. पडद्यावर म्होरक्या खबऱ्यासमोर बसून अगदी हळू आवाजात बोलत होता. खर्जवाल्यानं खोकं बघितलं, बाईंकडे बघितलं आणि वाचायला लागला.

"बसा ना. घाई काय आहे? पाणी घ्या. सकाळी तुमच्या घरी जाऊन आलो. निळं दार तुमचंच ना? आई फार चांगल्या आहेत हो तुमच्या..."

ओठ जुळले, लांबी जुळली. पडद्यावरचा खबऱ्या घाम पुसत होता तो जणू याच वाक्यांमुळे. दिग्दर्शकानं हेडफोन काढला.

"पण बाई," तो म्हणाला, "मूळ संवादात हे नाहीये."

"मूळ संवाद ऐकून त्या माणसाचं जे झालं, ते यात आहे."

दिग्दर्शकानं मान डोलावली. सगळे भाग बाईंकडे आले. काचेच्या खोलीत खर्जवाल्यानं पाणी मागितलं आणि बाहेर येऊन आधी आपल्या आईला फोन लावला.

पुढचे संवाद लिहिणं मग अवघड गेलं नाही. बाईंना फक्त घरात कान उघडे ठेवावे लागले. दूधवाला, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू आणि एकदा खुद्द नवरा, असे सगळे क्रमाक्रमानं म्होरक्यापुढे येऊन बसले.

मालिका सुरू झाली त्या संध्याकाळी सासूबाई आपणहून टीव्हीपुढे येऊन बसल्या. "सुनेचं काम आहे, बघायला नको?" बाईंना टीव्हीची वायर उपटावीशी वाटत होती. पडद्यावर 'बसा ना, घाई काय आहे' झालं. निळं दार झालं. नवऱ्यानं एकदा आईकडे बघितलं, एकदा बायकोकडे, आणि तो वर्तमानपत्राआड गेला. ते कालचं होतं.

भाग संपला. सासूबाईंनी चष्मा काढून पुसला.

"बाकीचे नुसते बंदुका घेऊन धावतात," त्या म्हणाल्या. "हा एकटा काय तो घरंदाज. किती जिभेवर साखर! उगाच पोलीस लागलेत त्याच्यामागे."

बाईंचा जीव भांड्यात पडला. "खरंच आवडलं, आई?"

"हो तर. ऐकताना माझ्या सासूबाईंची आठवण झाली. अगदी अश्शाच बोलायच्या."

"मी चहा टाकते," म्हणत बाई लगबगीनं उठल्या.

सासूबाईंनी शेजारच्या खुर्चीवर हलकेच हात ठेवला आणि सुनेकडे बघून गोड हसल्या.

"बस ना गं. घाई काय आहे?"