लिंबाच्या डोळ्यांचा उमराव

आधीच सांगून ठेवतो, माझी फिल्म बघून माणूस किंचाळणार! निदान माझी तरी तशी खात्री होती.

शहापुरात माझं लग्नाच्या व्हिडिओंचं दुकान आहे. नवरा-नवरीच्या डोक्यावर संगणकातून गुलाबाच्या पाकळ्या पाडण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही. यंदा हवामान बदलावर ॲनिमेशन फिल्मची स्पर्धा निघाली आणि मी बायकोला, योगिनीला, जाहीर करून टाकलं, "बाकीचे वितळणारा बर्फ दाखवतील. आपल्याकडे गोळेवाल्याकडचा सोडून बर्फ बघितलाय कोणी? मी भीती दाखवणार!"

"कशाची?"

"जुन्या इंग्रजी भयकथा असतात ना? डोंगरावर काळा महाल, धुकं, झगा घातलेला रक्तपिपासू उमराव. माझा उमराव पाणी पितो. उन्हाळा वाढेल तसा तो फुगत जातो, विहिरीमागून विहीर रिकामी करतो. बघणारा किंचाळलाच पाहिजे!"

"पोट सुटलेला माणूस बघून कोण किंचाळतं? मग मी रोज किंचाळले असते," योगिनी म्हणाली.

कलावंताच्या घरात हे चालायचंच. लग्नाच्या स्टेजच्या उरलेल्या थर्माकोलचा मी महाल केला. कापूस भरून हातभर उंचीचा उमराव शिवला आणि मोडक्या छत्रीचा, काड्यांसकट, त्याला झगा केला. डोळे मात्र जमेनात. मणी लावले, बटणं लावली, तरी उमराव बारशाला आल्यासारखा प्रेमळच दिसायचा. शेवटी दोन लिंबं घेतली, त्यांना मधोमध कुंकवाचा ठसठशीत ठिपका दिला. काय जरब आली म्हणून सांगू!

तुमच्यातल्या काहींनी आत्ताच कपाळाला हात लावला असेल. मला मात्र तेव्हा काहीही सुचलं नाही.

मे महिन्यात सगळं सामान घेऊन मी सापगावच्या पुढच्या एका वाडीवर गेलो. तिथली विहीर पार तळाला गेलेली. टँकर येतो, विहिरीतच पाणी ओततो आणि मग बायका ते शेंदून नेतात. आमच्या तालुक्यातल्या धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि वाडीला टँकर लागतो. ह्याहून भयंकर कथा कुठल्या महालात घडली असेल, मला ठाऊक नाही.

विहिरीजवळच हिराबाईचं घर. ती डोक्यावर हंडा घेऊन येत होती.

"मावशी, तो हंडा जरा कठड्यावर ठेवा ना. पाण्यात महालाचं प्रतिबिंब मस्त पडेल."

"झिऱ्यावरचा हाय दादा. पहाटपासून वाटीवाटीनं भरलाय. प्यायाचा हाय."

"फोटोपुरताच हो!"

तिने ठेवला. मी कामाला लागलो. उमराव केसभर हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. मध्ये कोणाचा धक्का लागला की सगळी मेहनत फुकट! दुपारी नेमकी कॅमेऱ्याची बॅटरी संपली. ती चार्ज करायला शहापूरला पळताना मी हिराबाईला बजावलं, "ह्याला कोणी हात लावायचा नाही! मी येईपर्यंत जवळसुद्धा फिरकायचं नाही!"

परत आलो तर वाडीतल्या सगळ्या बायका रिकामे हंडे घेऊन लांब आंब्याखाली उभ्या. हिराबाई काठी घेऊन राखण करत होती. बाळी नावाची एक तरणी बाई तरातरा पुढे आली.

"कोणाचा उतारा आणून ठेवलाव आमच्या विहिरीवर?"

"उतारा? अहो, हे ॲनिमेशन आहे!"

"काला कपडा, कुंकू लावलेली लिंबा, वर हात लावू नका बोललाव. मंग उतारा कसा असतो?"

मी उमरावाकडे बघितलं. कोणाच्या तरी अंगावरची पीडा काढून विहिरीवर आणून ठेवली असती, तर ती अगदी अशीच दिसली असती.

"कोंडू आलता टँकर घेऊन," हिराबाई म्हणाली. "यो बघला नि तसाच माघारी गेला. आता परत कधी येल, काय नेम नाय."

गाडीला किक मारून मी हायवेकडे सुटलो. कोंडू टपरीवर वडापाव खात होता, टँकर भरलेला. मी हात जोडले, फिल्म समजावली, हवामान बदल समजावला, शेवटी म्हणालो, "अरे, मी बारावी सायन्स आहे!"

"मी पन बारावी सायन्स," कोंडू म्हणाला. "पन लिंबू तो लिंबू. ज्याने ठेवला त्यानेच उचलायचा, शिवेबाहेर टाकायचा. मागं वळून बघायचा नाय. वळलास तर मी चाललो."

आम्ही वाडीवर आलो. तेवढ्या गडबडीतही उमरावाचं शेवटचं दर्शन हुकू नये म्हणून मी बॅटरी घातली आणि कॅमेरा आपोआप फोटो काढेल असा लावून ठेवला. मग उमरावाला खांद्यावर घेतलं आणि वळलो. झग्याची काडी कशात तरी अडकली. मी हिसका दिला.

मागे खण्णकन आवाज झाला आणि हिराबाई ओरडली, "माझा हंडा!"

"मागं बघू नको!" टँकरमधून कोंडू गरजला.

मी बघितलं नाही. टँकर जाईल ह्या भीतीने तसाच शिवेपर्यंत चालत गेलो आणि उमरावाला कोरड्या ओढ्यात टाकून दिलं. परत आलो तेव्हा विहिरीत टँकरचं पाणी कोसळत होतं. हिराबाई घरात गेली होती. मी बाळीकडून एक हंडा शेंदून घेतला आणि हिराबाईच्या दारात ठेवला. "टँकरचा भांड्यांना होईल," ती आतूनच म्हणाली.

पुढच्या आठवड्यात वाडीवर पांढरी चादर बांधून फिल्म दाखवली. महाल आला, लोक हसले. उमराव आला, जास्तच हसले. धुक्याला तर शिट्ट्या पडल्या!

मग ते आपोआप निघालेले, मी न कापता तसेच जोडलेले शेवटचे फोटो आले. मी उमरावाला ओढतोय, हंडा कलंडतोय. आणि अख्खी वाडी किंचाळली! ज्या किंकाळीची मी बढाई मारली होती, तीच. ती ऐकून मला मात्र लपायला जागा हवी होती.

पुढचे फोटो आले. पडद्यावर माझी पाठ लांब लांब जात होती. तापलेल्या दगडावर हिराबाई पदराने पाणी टिपत होती आणि पदर हंड्यात पिळत होती.

मी तिच्याकडे बघितलं. सगळे किंचाळले तेव्हा तिचा आवाज आला नव्हता.

"मावशी, तुम्ही नाही ओरडलात?"

"मी तवाच वरडले ना," ती म्हणाली.

फिल्म स्पर्धेला पाठवण्याआधी मी शेवटच्या, पात्रांच्या नावांच्या पाटीत एक भर घातली. 'पाणी पिणारा उमराव' असं लिहिलं आणि त्याच्यापुढे माझं नाव घातलं.

योगिनीने पाटी वाचली, मग मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पोट तर शोभतंच," म्हणाली.