गॅलिस कठड्याला, अलोइस वाऱ्यावर

व्हिएन्ना कशी दाखवावी, हे माझ्याकडून शिकावं! पियानोच्या तारा पिळण्यात उभा जन्म गेला, त्यामुळे शहरातल्या निम्म्या दिवाणखान्यांत माझी ऊठबस. कुठल्या कॅफेतला वेटर कमी उद्धट, कुठल्या मळ्यातली वाइन कमी आंबट, सगळं तोंडपाठ. म्हणून लिंत्सहून रोझविता येणार म्हटल्यावर मी जराही घाबरलो नाही. तिथंच चुकलं!

रोझविता विधवा, बटणांच्या दुकानाची मालकीण. आमची ओळख गुडघ्यांच्या उपचारांना गेलो होतो तिथली. गुडघे काही सुधारले नाहीत, पण मी पार विरघळलो. फोनवर ती आमच्याकडच्या रीतीनं ‘हेर’, म्हणजे श्रीयुत, लावून म्हणाली, "हेर प्रोखास्का, दुकान भाचीकडे सोपवून व्हिएन्नात राहायला यावं म्हणते. पण आधी शहर बघेन. आणि तुम्हालाही."

झालं! मी केक सोडला. क्रीम सोडलं. पोट असं उतरलं की आरशात मीच मला ओळखेना. ठेवणीतली काळी पँट मात्र जुन्याच पोटाच्या मापाची होती. तिला पट्ट्यासाठी लूपही नव्हते. पण गॅलिस होते ना! म्हटलं, खांद्यावरून पँट लटकली की पोटाला कोण विचारतो?

दुपारी चित्रं, मग कॉफी, संध्याकाळी ऑपेरा, नंतर मळ्यातली ताजी वाइन आणि पायांत दम उरला तर नाच, असा बेत. ऑपेरा अर्थात उभ्यानं! खुर्चीत बसतात ते पाहुणे. खरा व्हिएन्नाकर मागच्या कठड्याला रेलून ऐकतो आणि टाळी कधी वाजवायची ते खुर्चीवाल्यांना शिकवतो.

जिना चढताना मी तिला कायदा समजावला. "कठड्याला मफलर बांधला की जागा आपली. मग खुशाल बाहेर फिरून या. सम्राट आला तरी गाठ सोडवणार नाही!"

"फक्त मफलरवर?" तिचे डोळे चमकले. "छान आहे हो कायदा!"

ती केस सारखे करायला आरशाकडे गेली. मी धावत जाऊन कठड्याची ऐन मधली जागा गाठली, गळ्याकडे हात नेला आणि गारठलो. मफलर घरी! कसरीनं खाल्लेला म्हणून मीच सकाळी खुंटीवर ठेवला होता.

रुमाल काढला, तर शेजारी होफराट क्रुम्बोक. सरकारी नोकरीतून कधीच निवृत्त झाले, पण ही पदवी सुटली नाही आणि कठड्यावरची पहारेदारीही. ते कडाडले, "हेर प्रोखास्का! रुमाल नाक पुसायला! उद्या तिकीट चिकटवाल!"

रोझविताकडे मागावं, तर इतक्या बढाया मारून कोणत्या तोंडानं? ती येताना दिसली. मी खांबाआड गेलो, गॅलिस उपसले आणि कठड्याला बांधले. होफराटांनी चष्म्यातून पाहिलं. "लांबट आहे, कापडी आहे. चालेल!"

जागा पक्की झाली. पँट सैल झाली.

पडदा उघडायला अवकाश होता. आम्ही चौकातल्या सॉसेजच्या गाडीवर गेलो. माझा डावा हात खिशात, पँट मुठीत. एका हातात सॉसेज घेतलं, तर बिअर कोण धरणार?

"सारखा हात खिशात का? दुखतंय का काही?"

"हृदय जरा..."

"इतक्या खाली?"

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या व्हायोलिनवाल्यांनी वॉल्ट्झ सुरू केला! रोझवितानं दोन्ही हात पुढे केले. मी म्हणालो, "आत्ता नको."

"व्हिएन्नाचा माणूस वॉल्ट्झला नाही म्हणतो?" तिनं हात खाली घेतले. "लिंत्सची शेवटची गाडी किती वाजता असते हो?"

बाई हातची चालली होती, अन् कशापायी? अर्ध्या हाताच्या कठड्यापायी! म्हटलं, आधी गॅलिस सोडवू, मग सगळं निस्तरू.

आत परतलो तोवर दिवे मालवले होते, पण गाठ सुटेना! "वर मी आणखी एक मारली," होफराट अभिमानानं म्हणाले. "पाहुण्यांचा भरवसा नाही." मी सगळा जोर लावून हिसका दिला. रबरच ते! सटकन सुटलं आणि अंधारात खुर्च्यांवरून उडत कुठं गेलं देव जाणे. पुढच्या रांगेतून एक किंकाळी आली आणि त्याच क्षणी वाद्यं सुरू झाली.

पहिला अंक मी पोट कठड्याला चिकटवून काढला. सोडलेला प्रत्येक केक मला आठवला. रोझविता मात्र रंगून गेली होती, डोळे पुसत होती. अंकाच्या शेवटी गायिकेनं असा सूर लावला, असा लावला की पियानोवाल्या माझ्या कानांचं सोनं झालं! सगळं सभागृह टाळ्यांनी कडाडलं.

रोझविता माझ्याकडे बघत होती. "हेर प्रोखास्का, यालाही टाळी नाही? नाच नाही, टाळी नाही. तुम्हाला आनंद होतो तरी कशानं?"

आता मात्र राहवेना. जागा जावो, अब्रू जावो! मी दोन्ही हात वर केले, टाचा उंचावल्या आणि "ब्राव्हो!" ओरडत टाळ्यांचा पाऊस पाडला. त्या उत्साहात कठड्यापासून पोट सुटलं. मध्यंतराचे दिवे लागले. पँट घोट्यांपाशी होती.

"हेर प्रोखास्का!" होफराट गरजले. "उभ्या जागेलाही पोशाखाचा नियम आहे!"

रोझविता वाकली. मला वाटलं, पर्स उचलून निघाली. पण तिनं पर्समधून मफलर काढला. एक नाही, दोन होते! "मागितला असतात तर?" असं म्हणून तिनं पँट वर ओढली, लाल मफलर माझ्या कमरेभोवती आवळला आणि गाठ मारली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"मफलर माझा," ती म्हणाली. "आता हा ज्याला बांधला तोही माझा. कायदा तूच सांगितलास ना, अलोइस?"

‘तू’ म्हणाली! त्या दिवसभरातलं सगळं मला तिथंच भरून पावलं.

"मग येणार व्हिएन्नाला?"

"शहर झकास आहे. पण तुला आता इथं तोंड दाखवायला जागा नाही. तूच लिंत्सला चल."

तर आता मी लिंत्सला बटणं निवडतो. पँटला पट्टाही लावतो आणि नवे गॅलिसही. रोझविता मात्र वरचेवर व्हिएन्नाला ऑपेराला जाते. मधली जागा तिची, होफराट स्वतः तिचा मफलर राखतात म्हणे. मला नेत नाही.

"तुला टाळ्या आवरत नाहीत," म्हणते!