पाणी झोपेपर्यंत

आमच्या तांडेल मॅडम कंटेनरला रागावतात. ड्रायव्हरला नाही, कंटेनरलाच. आमचं विद्यापीठ पुनावळ्याच्या अलीकडं, हायवेला चिकटून. चाकणच्या कंपन्यांचा माल भरलेली गाडी गेली की लॅबची फरशी जराशी थरथरते. फरशी थरथरली की काचेच्या हौदातलं पाणी हलतं, आणि पाणी हललं की मॅडम तरातरा खिडकीशी जातात. "अरे जा की एकदाचा! आत्ता कुठं झोपलं होतं!"

झोपलं होतं म्हणजे पाणी.

दारावरच्या पाटीवर 'द्रवगतिकी संशोधन गट' असं लिहिलंय. मला ते वाचायलाच चार दिवस लागले असतील. आम्ही नुसतं पाण्याची लॅब म्हणतो. एक लांबलचक काचेचा हौद आहे, वर रूळ आहेत, रुळांवर छोटी ट्रॉली. ट्रॉलीला होडीचं लाकडी खेळणं बांधतात आणि सावकाश ओढतात. होडीमागं रंग सोडला की पाण्यात भोवरे दिसतात. एवढंच काम. पण आधी पाणी अगदी गप्प व्हायला लागतं. एक खेप झाली की ते गप्प होईपर्यंत सगळ्यांनी बसून राहायचं. कुणी शिंकायचं नाही. वाढदिवसाचा केक कॉरिडॉरमधे कापायचा. हौदात बोट घालणं म्हणजे तर खूनच.

मला ही नोकरी लागली ती पायांमुळं. मी हिंगोलीकडची. शाळा सहावीत सुटली, लग्नानंतर इकडं आले, ठेकेदाराकडं झाडू-फरशीला लागले. एके दिवशी मॅडम लॅबमधून बाहेर आल्या आणि माझ्या चपलांकडं बघत राहिल्या.

"आत्ता इथनं तुम्ही गेलात?"

म्हटलं, गेली नोकरी. "चुकलं मॅडम, परत नाही जाणार."

"अहो, पाणी हललंच नाही! उद्यापासून तुम्ही माझ्याकडं."

मी सगळीकडं भीत भीतच चालते. आधी सासरी, मग भाड्याच्या खोलीत, मग साहेब लोकांच्या ऑफिसात. ह्या भित्र्या चालीवर कुणी कायमचं काम देईल, असं मला वाटलं नव्हतं. मॅडमचे उपकार मी विसरणार नाही.

नवीन माणूस आला की मॅडम त्याला कॉलेज विचारत नाहीत, मार्क विचारत नाहीत. विचारतात, "लहानपणी पाणी कुठं बघितलं?" इम्रान सर काळेवाडीचे. त्यांच्या वडलांचं रेडिएटर दुरुस्तीचं गॅरेज. ते म्हणाले, "गळक्या रेडिएटरमधे, मॅडम." मॅडम खूष. वैभव माणदेशातला, हिंजवडीतली कॉम्प्युटरची नोकरी सोडून शिकायला आलेला. "टँकर आला की घागरीत बघायचो, राव," म्हणाला आणि जीभ चावली, मॅडमना राव म्हटलं म्हणून. त्याला मॅडमनी सगळ्यात जवळची खुर्ची दिली. मला विचारलं तर मी म्हटलं, हापशाला. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हांला वाट बघता येते. छान."

मॅडम स्वतः रायगडच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या घरातल्या. वडील मासेमारीच्या होडीवर, त्यांच्या बोलीत होरीवर, तांडेल, म्हणजे होडी चालवणाऱ्यांचे म्होरके. आडनावही तेच, कामही तेच.

लग्न केलं नाही त्यांनी. एक स्थळ आलं होतं म्हणे, इम्रान सर सांगतात. मुलगा थेट लॅबमधेच बघायला आला. चांगला उंच, पगारी. पण बसल्या बसल्या पाय हलवत होता. मॅडमनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा हौदाकडं, आणि चहाही न देता नमस्कार केला. आम्ही पुष्कळ हसतो ह्यावर. मॅडमही हसतात, पण जरा उशिरानं.

त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. वडलांनी एकदा येऊन हौद बघावा.

बारावीनंतर मॅडम शिकायला निघाल्या तेव्हा वडील म्हणाले होते, "पानी शिकायला पुन्याला? पानी तं हितं हाय." त्यावर बापलेकीचं वाजलं नाही. दोघांनीही बोलणंच कमी केलं. पुढं मॅडम परदेशात जाऊन आल्या, डॉक्टर झाल्या, गावात सत्कार झाला. वडील टाळ्या वाजवणाऱ्यांत बसले, पण लेक नेमकं काय करते हे त्यांनी कधी विचारलं नाही. मॅडम दर सुट्टीत बोलावायच्या. ते म्हणायचे, बघू.

मग मागल्या वर्षी काळेवाडीत मॅडमच्या मावसभावाचं लग्न निघालं. गावाहून वऱ्हाडाची गाडी येणार होती, तिच्यात बाबाही. लग्न आटपलं की दुपारी तासभर येतो म्हणाले.

आठवडाभर मॅडमना चैन नव्हतं. कपाटातून त्यांनी एक होडी काढली, आम्ही कधी न बघितलेली. बाबांच्या होडीसारखी हुबेहूब, स्वतः तासलेली. माझ्याकडून काचा तीनदा पुसून घेतल्या. वैभवला सर्दी होती, त्याला लग्नाच्या दिवशी येऊ नको म्हणाल्या, तर तो नाकाला रुमाल बांधून आला. "मॅडमचे बाबा येणार, आणि मी नाही? असं कसं?"

त्या दिवशी सकाळपासून हौदाला कुणी हात लावला नाही. पाणी असं गप्प झालं होतं की काच आहे का पाणी, कळेना. इम्रान सर बाबांना बाइकवरून घेऊन आले. पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, हात असे जाड की सुपारीएवढं एकेक पेर. दारातच त्यांनी चपला काढल्या, कुणी न सांगता. मॅडमनी मान वर केली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

तोवर बाबा हौदापाशी पोचले होते. जन्मभर पाण्यावर राहिलेला माणूस जे करेल तेच त्यांनी केलं. वाकले, मनगटापर्यंत हात पाण्यात घातला आणि बोटं तोंडाला लावली.

"हात काढा!"

हौद सोडून बाकी सगळं गप्प झालं. मॅडम असं रोजच ओरडतात, आम्हांला सवय आहे. पण ओरडल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडलेला मी तेव्हाच बघितला.

बाबांनी हात शर्टाला पुसला. "चुकला माजा," म्हणाले. "गोडा हाय पानी." आणि कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत, दोन्ही हात काखेत घालून बसले.

इथं मॅडमनी ट्रॉली सोडायला हवी होती. पाणी हललेलं, भोवरे थोडे वेडेवाकडे आले असते, एवढंच. इम्रान सर हळूच म्हणालेसुद्धा, "मॅडम, चालेल हो. दाखवून टाका. आपल्याशिवाय कुणाला कळणारे?"

"त्यांना कळेल," मॅडम म्हणाल्या. "त्यांनी जन्मभर खरं पाणी बघितलंय. मी त्यांना खोटं दाखवू?"

मग आम्ही बसलो. बाबा बसले. मॅडम हौदाच्या कडेला डोळा लावून बसल्या. जरा गप्प व्हायला आलं की हायवेवरून कंटेनर जायचा. त्या दिवशी गाड्याही अशा की संपेचनात. मॅडम खिडकीशी जाऊन पुटपुटायच्या, परत यायच्या. "बाबा, झालंच हां. अजून थोडं." बाबा मान डोलवायचे. वैभवनं शिंक दाबता दाबता डोळ्यांतून पाणी काढलं.

बाबांचा फोन वाजला. वऱ्हाडातल्या कुणाचा तरी आवाज आम्हां सगळ्यांना ऐकू आला. "तांडेल, हाव कुठं? गाडी सुटतेय! पोरं रडतायत!"

मॅडम म्हणाल्या, "बाबा, आजच्या दिवस राहा ना." बाबा म्हणाले, "तुजा काम चाललाय. आनि गाडीत सगली खोलंबलीन. फुडच्या टायमाला." लेकीच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला, मग बहुतेक तो ओला असेल असं वाटलं असावं, तसाच खाली घेतला.

गेटपर्यंत मी सोडायला गेले. मॅडमनी हौद सोडला नाही. म्हातारा वाटेत मला म्हणाला, "घरान हिचा आवाजच नवता कदी. हितं बरी वरडते. होरीवं तांडेलच वरडतो." आणि हसला. त्याला दोनच दात होते पुढं, पण हसला तोंडभरून.

मी धावतच वर आले आणि मॅडमना शब्दन्‌शब्द सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "मला बरं वाटावं म्हणून सांगताय. बाबा एवढं बोलत नाहीत."

खरंच बोलत नाहीत ते. फोनवर अजूनही पुढच्या टायमालाच म्हणतात. गुडघे गेलेत आता त्यांचे. घाट उतरून जायचं तर मॅडमनीच जायचं, आणि मॅडम गेल्या तरी हौद काही बरोबर नेता येत नाही.

पण मला सांगायचंय ते त्या दिवशीचं. संध्याकाळी पोरं गेली. मी खुर्च्या सरकवत होते. मॅडम म्हणाल्या, "रुक्मिणीबाई, जरा इथं उभ्या राहता?" बाबा उभे होते तिथं त्यांनी मला उभं केलं. मी हात मागं बांधले. त्यांनी ट्रॉली सोडली. होडी निघाली, रंग सुटला, आणि तिच्यामागं एक भोवरा डावीकडं, एक उजवीकडं, असे एकामागून एक उमलत गेले. इतके सुरेख की बघतच राहावं.

मग मॅडम बोलायला लागल्या. आमच्याशी बोलतात तशा नाही. त्यांच्या घरच्या बोलीत. "यो बगा, होरीचे मागं पानी कसा फिरतं..." किती दिवस मनात जुळवून ठेवलं असेल! ना कुठं अडखळल्या, ना एक इंग्रजी शब्द आला. त्या बोलीतलं मला अर्धं कळलं, अर्धं नाही. मधेच त्या हसत होत्या, म्हणजे तिथं काहीतरी बाबांना हसवायचं होतं.

होडी हौदाच्या टोकाला जाऊन थांबली. मॅडमनी माझ्याकडं बघितलं नाही. पाण्याकडंच बघत विचारलं, "बगलाव ना?"

मॅडमना मी आयुष्यात कधी अगंतुगं केलेलं नाही. तेवढं एकदा केलं.

"बघितलं गं बाई," म्हटलं, "सगळं बघितलं."