तिसऱ्या गाण्यातली ठकठक

ड्रमरने सकाळपासून अकरा वेळा फोन उघडला आणि अकराही वेळा सासूबाईच पुढे होत्या.

अठ्ठावीस वर्षं धूळ खात पडलेला ड्रमरच्या जुन्या फंक बँडचा अल्बम गिटारवाल्याच्या मुलीने महिन्यापूर्वी इंटरनेटवर टाकला होता. ऐकणाऱ्यांच्या प्रतिक्रिया धो धो येत होत्या. आठ गाण्यांत जीव तोडून ड्रम वाजवणाऱ्या आणि पुढे पोटासाठी लोकांना गाडी चालवायला शिकवणाऱ्या या माणसाला त्यातून एकच गोष्ट हवी होती, आपल्या ड्रमबद्दल एक बरा शब्द. लोक मात्र भलत्याच गोष्टीच्या प्रेमात पडले होते.

'तिसऱ्या गाण्यातली ठकठक ऐकून अंगावर काटा आला.'

'ठकठक वाजवणारा माणूस आहे की जादूगार?'

'ड्रम ठीक. ठकठक लाजवाब.'

ही ठकठक म्हणजे सासूबाईंचा कापड मोजायचा लाकडी गज. त्यांच्या शिवणकामाच्या दुकानाखालच्या तळघरात बँडने रेकॉर्डिंग केलं होतं आणि वरून त्या जमिनीवर गज आपटत होत्या. "गाणी बरी आहेत, पण मागे सुतारकाम चाललंय," असं म्हणून कंपनीने टेप परत केली. पुन्हा वाजवावं, तर सॅक्सोफोनवाला जहाजावर नोकरीला निघून गेलेला. त्यावरून ड्रमरने सासूबाईंशी भांडण असं कधी केलं नाही. फक्त 'हो', 'नाही' आणि 'निघतो' एवढ्या तीन शब्दांत जावईपण निभावलं.

शेवटी न राहवून त्याने खोट्या नावाने लिहिलं, 'ड्रमही उत्तम!' पाच मिनिटांत उत्तर आलं, 'आपण ड्रमरचे कोण?'

"बायको, असं लिहून टाका," बायको शेजारून वाचत म्हणाली.

तेवढ्यात गिटारवाल्याचा फोन.

"अरे, कार्यक्रम मिळाला! मोठं सभागृह! फक्त एक अट आहे."

"कसली?"

"ठकठक पाहिजे. खरीखुरी. मी भरात लिहून बसलो ना, की त्या आमच्या ड्रमरच्या सासूबाई आहेत म्हणून. आता तूच जा आणि त्यांना तयार कर."

"मी? अरे, त्यांनीच आपला अल्बम बुडवला!"

"बुडवला तेव्हा बुडवला. आता त्याच तारतायत. आणि सॅक्सवाला विमानात बसलासुद्धा."

संध्याकाळी ड्रमर तोंड पाडून दुकानात गेला. सासूबाई पायाच्या मशीनवर बसल्या होत्या. त्याने कसंबसं सगळं सांगितलं आणि शेवटी इतकी वर्षं घशात अडकलेलं बाहेर पडलंच.

"आई, आमचा एवढा त्रास होत होता, तर सरळ बंद करा म्हणायचं होतं. गज कशाला आपटायचा?"

मशीन थांबलं.

"बंद करा? मी कशाला म्हणू? तुमच्या तालावर तर माझा पाय चालायचा. पण तुम्ही पळायचात, जावईबापू. ताल पळाला की माझा पाय पळायचा आणि शिवण वाकडी. माणसाने उसवायचं तरी किती वेळा? म्हणून वरून ताल धरून द्यायचे."

ड्रमर मटकन स्टुलावर बसला. जिच्या माथी अठ्ठावीस वर्षं खापर फोडलं, ती बाई त्याला सांभाळून घेत होती. त्याला मनापासून लाज वाटली.

"म्हणजे आठही गाण्यांत मी पळालो?" त्याने चाचरत विचारलं.

"पाचव्यात नाही," सासूबाई दोरा ओवता ओवता म्हणाल्या. "ते तुम्ही दिवसभर पुन्हा पुन्हा वाजवत होतात. मी गजाला हातसुद्धा लावला नाही. चार सदरे शिवून झाले त्यावर, एक टाका इकडचा तिकडे नाही. सुरेख वाजवलंत ते."

ड्रमरने इकडेतिकडे पाहिलं. डोळे पुसायला हाताशी कापड भरपूर होतं, पण सगळं गिऱ्हाइकांचं.

"येताय ना मग?" त्याने बाहीनेच काम भागवत विचारलं.

"येते की. पण माझी खुर्ची तुमच्या अगदी शेजारी हवी. सात गाणी आहेत अजून."

दुकानाबाहेर पडल्यावर त्याने फोन उघडला. पाचव्या गाण्याखाली महिनाभरात कोणी चकार शब्द लिहिला नव्हता. आज पहिली प्रतिक्रिया आली होती, 'या गाण्यात ठकठक का नाही? घोर निराशा.'

ड्रमरने ती तीनदा वाचली आणि बायकोला दाखवायला लगबगीने घराकडे निघाला.