त्साई गुरुजींची डावी पापणी

तैवानमधल्या ताइनान शहरात, देवळाच्या दारात अठ्ठावीस वर्षं लोकांचे चेहरे वाचून भविष्य सांगणाऱ्या त्साई गुरुजींचा स्वतःचाच चेहरा एका सकाळी वाकडा झाला. चेहऱ्याची नस लुळी पडली होती. सहा महिन्यांत तोंड सरळ झालं. डावी भुवई मात्र घसरली ती घसरलीच, आणि पापणी डोळ्यावर लोंबू लागली. पंचाईत अशी, की पाठीमागच्या तक्त्यावर गुरुजींच्याच सुंदर अक्षरात लिहिलं होतं : 'डावी पापणी लोंबलेला मनुष्य थापाड्या.'

गिऱ्हाईक तक्ता वाचायचं, गुरुजींकडे बघायचं आणि उठायचं.

"अहो, काढा ना तो तक्ता!" बायको मेइ-श्यू म्हणाली.

"शास्त्र आहे ते! पापणी बदलीन, शास्त्र नाही."

गुरुजींनी पापणी चिकटपट्टीने वर बसवली. एका नवऱ्या मुलीचं भविष्य सांगताना पट्टी सुटली आणि पापणी धपकन खाली आली. "असं काय दिसलं हो, की डोळाच मिटलात?" म्हणत तिने भोकाड पसरलं आणि लग्न मोडलं. देवळाचे अध्यक्ष लिआव चिडले. "महिनाभर वाट बघतो. नाहीतर तुमची जागा समोर पत्ते मांडून भविष्य सांगणाऱ्या पोरीला."

गुरुजी ऑपरेशनला आडवे झाले. नुसती भुवई बधिर केली होती. डॉक्टर हुंग वाकले, तसे गुरुजी सवयीने म्हणाले, "हं."

"हं काय?"

"काही नाही. तुम्ही कापा."

"असं 'हं' म्हटल्यावर हात चालेल का माझा? बोला!"

"भुवयांमध्ये रेघ आहे. जवळचं माणूस सोडून जाणार."

नर्सच्या हातून चिमटा पडला. "सर, मी उद्या राजीनामा देणारच होते..."

डॉक्टर असे हादरले, की टाका नको तितका वर ओढला गेला. जखमेवरची पट्टी निघाली तेव्हा गुरुजींचा डावा डोळा आश्चर्याने वटारलेला होता. तो पुरता मिटेना, आणि वारा लागला की घळाघळा वाहायचा.

"येईल हळूहळू खाली," डॉक्टर म्हणाले.

मुदतीच्या दिवशी अध्यक्ष समोर येऊन बसले. "सांगा, काय दिसतं माझ्या चेहऱ्यात?"

गुरुजींनी नीट पाहिलं. त्या चेहऱ्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. खोटं बोलायचं नाही, आणि खरं बोललं तर जागा जाणार. शेवटी त्यांनी खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात वारा सुटला.

"एवढं मोठं?" अध्यक्ष उडालेच. "गुरुजी, तुम्ही रडताय? नको, पुढचं नका सांगू! बसा इथेच, जन्मभर बसा!" आणि ते हात जोडून पळाले.

"काय दिसलं हो?" मेइ-श्यूने विचारलं.

"काही नाही. साधा माणूस आहे."

"मग सांगायचं तसं!"

"तेच सांगत होतो ना!"

दुसऱ्या दिवसापासून देवळाबाहेर रांग लागली. माणसं समोर बसत, त्या डोळ्याकडे बघत, आपल्या नशिबात काहीतरी मोठं आहे असं समजत आणि तृप्त होऊन उठत. गुरुजींचं बोलणं ऐकायला एकही थांबला नाही.