कोरडी खोली

समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि मायक्रोस्कोपच्या खोलीला पश्चिमेकडे तीन खिडक्या. ज्या साहेबाने मुंबईत बसून या नकाशावर सही ठोकली, त्याने रत्नागिरीचा पावसाळा उभ्या जन्मात बघितलेला नाही, हे त्याच्या तोंडावर सांगायला हवं होतं. पावस गावच्या आंबारोग केंद्रात ती छाती एकट्या वैष्णवीला होती, आणि ती तिथली कंत्राटी तंत्रज्ञ.

ती बोलत बसली नाही. तिन्ही खिडक्या तिने चिऱ्यांनी बुजवल्या. एकाआड एक दोन दारं लावली, एसीचा झोत भिंतीकडे वळवला, हवेतलं पाणी ओढणारं यंत्र बसवलं. आंब्यावरची बुरशी बघायला आणलेल्या मायक्रोस्कोपलाच बुरशी धरली, तर लोक थुंकले असते. मायक्रोस्कोप पुरवणाऱ्या कंपनीची अट सरळ होती: सलग सात दिवस आर्द्रता पन्नासच्या खाली राहिली तरच खोका फोडू, नाहीतर मायक्रोस्कोप दुसऱ्या जिल्ह्याला.

दोन दिवस काटा पंचेचाळीसवर होता. तिसऱ्या दिवशी त्रेसष्ट. वैष्णवीने दार उघडलं, तर मायक्रोस्कोपच्या चौथऱ्यावर ताटं मांडलेली.

"यमुनाबाई, हे काय?"

"फणसपोळी." झाडलोट करणाऱ्या यमुनाबाई शांत होत्या. "सोळा दिस ऊन नाय, बाय. बुरा यायला लागलाय. खाली कागद घातलाय हो, तुमचा चौथरा नाय चिकटायचा."

पोळ्या बाहेर गेल्या, दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. चौथ्या दिवशी काटा सत्तरवर. आत शिपाई केरूचा ओला गणवेश, दोन गोधड्या आणि एक नऊवारी.

"केरूभाऊ, दोरी कोणी बांधली?"

"मीच. भिंतीला खिळा नाय मारलाय, एसीलाच बांधलीय."

"आणि लुगडं?"

"मोठ्या मॅडमच्या आईचं." केरूने केंद्रप्रमुखांच्या केबिनकडे बघत आवाज उतरवला. "ते तुम्हीच हलवा."

वैष्णवीने हलवलं. दाराला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क रावजी कागदांचा गठ्ठा पोटाशी धरून दारात उभे.

"मॅडम, माझी सेवापुस्तिका तेवढी आत घ्या. जन्मतारीख बुरशीने खाल्ली. आता मी रिटायर कधी व्हायचं?"

"तारीख सापडेपर्यंत येत राहा कामाला."

रावजी दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. यमुनाबाई तिच्या टेबलाला वळसा घालून झाडू लागल्या. वैष्णवी हटली नाही. दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले, आणि सातव्या दिवशी काटा शेहेचाळीस. खोका फुटला, मायक्रोस्कोप बसला, आणि पडद्यावर बुरशीचा एकेक दाणा मोत्यासारखा दिसला.

उद्घाटनाला मुंबईचे तेच साहेब आले. पडद्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. भिंतीवरून हात फिरवला, हात हुंगला, म्हणाले, "काय कोरडी खोली आहे हो."

सोमवारी हुकूम आला: जिल्ह्यातलं जुनं दप्तर सदर खोलीत ठेवावं, मायक्रोस्कोप व्हरांड्यात हलवावा, वर ताडपत्री घालावी.

रावजी खुशीत गठ्ठे बांधायला लागले. वैष्णवीने त्यांच्याच टेबलावर बसून उत्तर लिहिलं. रावजींनी वाचलं आणि घाम पुसला.

"मॅडम, वर असं लिहीत नाहीत."

"म्हणून तर खालचे भिजतात. जावक नंबर टाका."

कागदावर चारच ओळी होत्या: "मायक्रोस्कोप जागचा हलणार नाही. हलवायचाच असेल, तर व्हरांड्यात तो बिघडल्यावर जबाबदार कोण? नाव, हुद्दा आणि सही तीन दिवसांत पाठवा. कोणाचं नाव लिहू, साहेब?"