मेधा पास

गर्गेसरांच्या मोबाइलमध्ये माझं नाव 'कांचन उशिरा येते' असं होतं. हे मला कळलं ते त्यांचा फोन हरवला आणि शोधायला म्हणून मी रिंग दिली तेव्हा. फोन कागदांच्या ढिगाखाली सापडला आणि पडद्यावर माझी कीर्ती झळकत होती. मी फणकाऱ्याने विचारलं, तर सर शांतपणे म्हणाले, "नावावरून कळायला पाहिजे की पुढे काय होणार आहे." मग त्यांनी बाकीची नावंही दाखवली. 'पवार रिक्षा येतो म्हणतो येत नाही.' 'प्लंबर चांगला पण बोलतो फार.' मालकांचं नाव मात्र काही केल्या दाखवलं नाही.

दोन हजार सालाच्या आगेमागे नाशकात कॉलेज रोडवर, एका दातांच्या दवाखान्याच्या वर आमची छोटी कंपनी होती. जिल्ह्यातल्या पतसंस्थांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवायचो. त्यातल्या चुका शोधणारा जो विभाग, त्याचे गर्गेसर प्रमुख. एकदा सापडलेली चूक पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून तिच्यावर एक छोटी तपासणी लिहून ठेवायची. तिला आम्ही स्क्रिप्ट म्हणायचो. रोज सकाळी सगळ्या स्क्रिप्ट एकामागून एक चालायच्या, आणि प्रत्येकीच्या नावापुढे पास किंवा नापास असं उमटायचं.

या स्क्रिप्टची नावं म्हणजे सरांचा जीव की प्राण. नवीन पोरं 'टेस्ट एक', 'टेस्ट दोन', 'फायनल', 'फायनल नवीन' अशी नावं देऊन मोकळी व्हायची. सर गुपचूप खुर्चीमागे येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "हे मूल कुणाचं?" सर पंचवटीतले. त्यांचे वडील गोदाकाठी यजमानांचे विधी सांगायचे, आणि नाव-गोत्र विचारल्याशिवाय पळीभर पाणी सोडायचे नाहीत. सरांनी बी.एस्सी. केलं, भिक्षुकी सोडली, पण ही खोड बरोबर घेऊन आले. "आधी नाव सांग, मग काम सांग," हे त्यांचं पालुपद होतं.

त्यांचा नियम असा: नावात आधी सॉफ्टवेअरमधली जागा, मग आपण काय केलं, मग काय व्हायला हवं, आणि सर्वात शेवटी ज्याला ती चूक सापडली त्याचं नाव. उदाहरणार्थ, 'खाते वारस रिकामा अडवते फरीदा'. मधल्या मोकळ्या जागी खालची रेघ. नाव इतकं लांब व्हायचं की पडद्यावर मावायचं नाही. कोणी कुरकुरलं तर सर म्हणायचे, "तुझं नाव कसं, वडिलांचं आणि आडनाव धरून तीन मजली आहे. तिला का झोपडी?"

शेवटी माणसाचं नाव कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा सर म्हणाले, "पोरं काय, शिकतात नाशकात आणि जातात पुण्याला. माणूस गेलं तरी नाव कामाला येतं इथे." आणि खरंच, आमच्याकडे वर्ष-दीड वर्ष काढलं की जो तो पुण्याची वाट धरायचा. सर मात्र रोज सकाळी पडद्यासमोर बसून निकाल मोठ्याने वाचायचे. "सुनील पास. फरीदा पास. राजू नापास. अरे, राजूला काय झालं आज?" हा राजू सोडून गेल्याला कैक महिने झालेले असायचे. तरी सर त्याला पुण्याला फोन लावायचे आणि म्हणायचे, "तू नापास झालास बरं का." राजूही हसून विचारायचा, "काय चुकलं सर?" मग दोघं बराच वेळ बोलत बसायचे. सरांचे बहुतेक फोन असेच असत. घरून त्यांना कुणाचा फोन आलेला मी पाहिला नाही.

घरी कोणी नव्हतंच. मूलबाळ नव्हतं, आणि मेधाताई गेल्या होत्या.

मेधाताई म्हणजे सरांच्या बायको, आणि कंपनीतल्या सगळ्यात पहिल्या टेस्टर. मी लागले तेव्हा काम त्यांनीच शिकवलं. ऑफिसात दोघं एकमेकांना 'सर' आणि 'मॅडम' म्हणायचे आणि डबा एकाच ताटलीत खायचे. पतसंस्था तेव्हा दिवसभराच्या नोंदींची प्रत फ्लॉपीवर घेऊन ठेवायच्या. प्रत घेताना मध्येच फ्लॉपी भरली, तरी सॉफ्टवेअर खुशाल 'काम पूर्ण' म्हणायचं, आणि उरलेल्या नोंदी हवेत. ही चूक मेधाताईंनी पकडली. स्क्रिप्टचं नाव पडलं 'प्रत फ्लॉपी भरली दुसरी मागते मेधा'. ही एकच स्क्रिप्ट आपली आपण चालत नसे. पहिली फ्लॉपी भरली की ती थांबून राहायची, आणि कोणीतरी उठून हाताने दुसरी फ्लॉपी घालावी लागायची. ते काम मेधाताई करायच्या.

मग त्यांचं पोटाचं दुखणं निघालं, आणि एका पावसाळ्यात त्या गेल्या. तेरावं झाल्यावर सर कामावर आले, मशिनपाशी बसले आणि वेळ आल्यावर स्वतः उठून फ्लॉपी घातली. "मेधा पास," त्यांनी वाचलं. आवाज रोजचाच होता. आम्ही कोणी मान वर केली नाही, आमच्याने करवलीच नाही.

त्यानंतर काही वर्षांनी मालकांनी जाहीर केलं की नव्या आवृत्तीत फ्लॉपी काढून टाकायची. आणि सरांचाच कडक नियम होता की जे काम सॉफ्टवेअरमधून गेलं, त्याची स्क्रिप्ट त्याच दिवशी काढायची. "मेलेल्या कामाची परीक्षा घ्यायची नसते," असं म्हणत त्यांनी सुनीलची, फरीदाची, माझीसुद्धा एक स्क्रिप्ट काढून टाकली होती. आता पाळी मेधाताईंची होती.

मीटिंगमध्ये सर पहिल्यांदाच अडखळले. म्हणाले, "कुणीतरी वापरत असेल अजून."

मालक मनाने चांगले. ते म्हणाले, "गर्गे, एक गिऱ्हाईक दाखवा. एकासाठीसुद्धा ठेवतो मी."

सरांनी झाडून सगळ्या पतसंस्थांना फोन केले. सगळीकडून नकार. फक्त कळवणच्या पतसंस्थेचा फोन लागत नव्हता. शेवटी शनिवारी सर एस.टी.ने निघाले, आणि त्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून मीही निघाले. वाटेत ते कळवणची बाजू मांडत राहिले. तिथली मशिनं जुनी, माणसं सावध, हातची सवय सहजी सोडायची नाहीत. मीही मान डोलावत होते. त्या दिवशी आम्हा दोघांना जगात कुठेतरी एक फ्लॉपी फिरत असायला हवी होती.

पतसंस्थेत अहिरे नावाचे कारकून भेटले. त्यांनी चहा मागवला. सरांनी चहाला हात न लावता विचारलं, "प्रत कशावर घेता?"

"ते बोटाएवढं नाय का, पेन ड्राइव्ह. लय सोपं पडतं."

"आणि फ्लॉपी?"

"फ्लॉपी पोरांनी नेल्या हो. फोडून आतली चकती काढली अन् सूर्याचं गिराण बघितलं त्यातून." सरांचा चेहरा बघून अहिरे चपापले. "का वो साहेब, काय अडलंय का तुमचं? अडलं असंल तर आम्ही वापरतो म्हणून सांगा की. आमचं काय जातंय?"

मला वाटलं, सरांनी हो म्हणावं. देवाशप्पथ वाटलं. सर म्हणाले, "नको. वापरत नाही तर नाही." मग गार झालेला चहा त्यांनी एका दमात पिऊन टाकला. परतीच्या वाटेत ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

सोमवारी त्यांनी शेवटचं म्हणून सगळं चालवलं. मशीन थांबलं, दुसरी फ्लॉपी मागितली, सरांनी घातली. "मेधा पास." मग त्यांनी ती स्क्रिप्ट काढली, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळ्या चालवल्या. या वेळी मशीन कुठेच थांबलं नाही. कुणाला उठावं लागलं नाही.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, दुसऱ्या एखाद्या स्क्रिप्टला ताईंचं नाव देऊ या ना. माझी कुठलीही घ्या."

"तुझी चूक तू शोधलीस, कांचन. ती तिला कशी देऊ? तिलाच आवडायचं नाही." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "घरी आता तिचं नाव निघत नाही गं. भिंतींशी काय बोलणार? इथे रोज निघत होतं. मला तेवढं पुरत होतं."

मी मशिनमधली फ्लॉपी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"तू तिला काय हाक मारायचीस?" त्यांनी विचारलं.

"मेधाताई."

"हां. मेधाताई," त्यांनी म्हणून पाहिलं. मग पडद्याकडे बघतच म्हणाले, "सकाळी आलीस की एकदा म्हणत जाशील? मोठ्याने म्हण. मी इथेच बसलेला असतो."